मासळीच्या हाताचं सोनं

वेरावळ बंदर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. रुपलताईस,
धाकट्या जतीनचा सा. न. वि. वि.

आणि पुन्हा तेच! तुझ्या पत्रात तिसऱ्याच ओळीला मासळीचं पाणी आलं. मासळीच्या पाण्याने सोनं काळं पडतं. दादा म्हणतो, वहिनी म्हणते, आता तूही म्हणायला लागलीस. ताई, मी पाच वर्षं त्याच पाण्यात उभा आहे. आमची बोट हाकणाऱ्या टंडेलच्या गळ्यात त्याच्या बापाची चेन आहे. मीठ, बर्फ, कोळंबीची घाण, सगळं त्या चेनवरून जातं आणि ती पिवळीच्या पिवळी. समुद्र काय फक्त आपल्या आईच्या हातावर रागावलाय?

फोनवर ओरडलो ते मान्य. पण आता फोनच राहिला नाही. त्याच रागात जाळं ओढायला गेलो आणि खिशातून पाण्यात पडला. नवा इतक्यात घेणार नाही. चहावाल्याच्या पत्त्यावर पत्र टाकलंस ते बरं केलंस. बोट धक्क्याला लागली की तो हाक मारून देतो. आणि एका परीने कागदच बरा, कागदावर दादा मध्येच फोन काढून घेत नाही.

पुन्हा एकदा सगळं लिहितो, म्हणजे घरात कोणी विसरल्याचं सोंग करू नये. तीन सीझनचे पैसे मी दादाकडे पाठवले. दोन वर्षांमागे दिवाळीत दादाने हिनावहिनीच्या मामांच्या दुकानातून आईला दोन पाटल्या केल्या. दोन मिळून दोन तोळे. आतून ९१६ चा शिक्का, म्हणजे बावीस कॅरेट. ठरलं काय होतं? वेळ आली की पाटल्या बँकेत ठेवायच्या, आपल्या गावच्या काळ्याच्या होडीत निम्मा वाटा घ्यायचा आणि मी खलाशीपण सोडून घरी यायचं. संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणाला काळ्या, तेही दोस्त म्हणून. आणि आता बँकेतला सोनार कसोटीवर घासून सांगतो की हे चौदा कॅरेटच्या वर नाही, यावर कर्ज नाही. आणि तू आणि आई दोघी खाली मान घालून परत आलात, जणू चोरी आईनेच केली.

आईचंही मला कळत नाही. दिवाळीच्या आधीपासून सांगत होतो बँकेत जा, गेलात आत्ता. कधी तिचा पाय दुखतो, कधी बोंबील वाळत घातलेत, कधी उधव्याचा आठवडी बाजार आहे. माझं घरी येणं तिला नको आहे का?

आता एक काम कर. इथे टंडेलने पोरीसाठी कानातलं घेतलं तेव्हा मी सोबत होतो. दुकानातल्या बाईने भिंगाखाली दाखवलं. खऱ्या मालावर सरकारी चिन्ह असतं, शुद्धतेचा आकडा असतो आणि सहा अक्षरांचा एक नंबर असतो. प्रत्येक नगाचा नंबर वेगळा. सरकारचं ॲप आहे, त्यात नंबर टाकला की कुठली वस्तू आणि किती शुद्ध ते येतं. खोटा शिक्का मारणाऱ्याला वर्षभराची कैद होऊ शकते, नाही तर लाखाच्या वर दंड. आणि सोनं कमी निघालं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट भरपाई गिऱ्हाइकाला. मी त्या बाईला तीन वेळा विचारून खात्री केली. चौथ्यांदा तिने टंडेलला विचारलं की हा बरा आहे ना.

तो नंबर बघ आणि कळव. बाबांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यावर राग असला तरी पत्र टाळू नकोस, एवढं मागतो.

तुझा
जतीन


धाकटी डहाणू
२० नोव्हेंबर २०२५

चि. जतीन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सातवीतून पळालेला माणूस मला कायदा शिकवतो हे वाचून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. उंबरगावच्या कारखान्यात तीन महिने, घोलवडच्या नर्सरीत एक हंगाम, मग सुरत, मग बोट. एका जागी टिकला असतास तर एव्हाना वकील झाला असतास असं ते म्हणतात. तेल रोज लावते. गुडघा तसाच आहे, जीभ मात्र बरी आहे.

तू सांगितलंस तसं केलं. मी कामाला जाते त्या चिकूच्या पॅकिंगशेजारी नर्सरी आहे, तिथे पानांवरची कीड बघायला भिंग ठेवतात. ते मागून आणलं. आईने पाटल्या काढून दिल्या, पण स्वतः बघायला आली नाही, बाहेर सुकटीवरचे कावळे हाकत बसली. नंबर आहे. सहा अक्षरं आहेत. फोनमध्ये टाकला तर काय आलं माहीत आहे? अंगठी. बावीस कॅरेटची अंगठी, कुठल्या तरी लांबच्या गावच्या दुकानाची. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून दुसरी पाटली घेतली. तिच्यावर तोच नंबर. जुळ्या पोरांनाही आधार कार्ड वेगळं असतं रे, आणि इथे दोन पाटल्या एका अंगठीच्या नावावर फिरतायत. कोणाच्या तरी खऱ्या अंगठीवरचा नंबर उचलून आपल्या पाटल्यांवर मारला आहे.

मी तक्रारीच्या नंबरवर फोन केला. समोरचा माणूस चांगला बोलला, पण पहिलाच प्रश्न बिल आहे का. दादाला विचारलं. दादाने कपाटातून चिठ्ठी काढली. वजन आहे, भाव आहे, वर एस्टिमेट लिहिलंय, दुकानाचं नाव नाही. पक्कं बिल घेतलं तर तीन टक्के टॅक्स लागला असता, मामा म्हणाले घरच्या माणसाला कशाला, दादा म्हणाला बरं. दादा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. तो लबाड नाही जतीन, त्याला फक्त स्वस्तात मिळालेलं आवडतं.

वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही. तू मामांना चोर म्हणालास ते तिने फोनवर ऐकलं होतं. तुला माहीत आहे, सोनाराच्या घरातली पोर मासेवाल्याच्या घरी आली म्हणून तिच्या बापाने दार लावून घेतलं. लग्नात तिच्या बाजूने उभा राहिलेला एकच माणूस, तो हा मामा. तिने काय करायचं?

आणि आता खरी गोष्ट ऐक. पॉलिशची. मामांच्या दुकानात आपल्याकडच्या मासळी विकणाऱ्या सगळ्या बायका जातात, कारण ते हप्त्याने देतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दागिना फुकट पॉलिश करून देतात. देताना स्वतःच सांगतात की मासळीच्या हाताचं सोनं जरा काळवंडतं, लाजू नका, घेऊन या. आई किती वेळा चिंचेने, राखेने घासत बसायची आणि स्वतःच्याच हाताला नावं ठेवायची ते मी बघितलंय. शेजारच्या संगितामावशीच्या पाटल्या तिथल्याच. त्याही काळ्या पडतात. ती पण हातालाच शिव्या देते.

मला रात्रभर एकच वाटत राहिलं. चिकूच्या बागेत काम करणाऱ्या बायका त्या दुकानात का जात नाहीत?

जेवण वेळेवर घे. राग कमी आणि माया जास्त ठेव.

तुझी
रुपलताई


वेरावळ बंदर
२९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि चहा तसाच ठेवून निघालो. चहावाला मागून ओरडत होता. बोट दहा दिवस बाहेर होती, पाट्या भरून बांगडा आणला, सगळ्यांच्या तोंडावर आनंद आणि माझ्या डोक्यात फुकट पॉलिश.

मामाने गिऱ्हाईक निवडून घेतलं, ताई. दुसऱ्या कोणा बाईचं सोनं काळं पडलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडली असती. आपली बाई भांडत नाही. आपली बाई हात धुते. आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली समजूत त्याने भांडवल म्हणून वापरली. एक रुपया न घालता. वर पॉलिश करून उपकार. आणि त्या पॉलिशने दरवेळी वरचा थर चकचकीत, आतलं झाकलेलं. माझे तीन सीझन तिथे गेले. बर्फाच्या खणात उभं राहून बोटं बधिर झाली की मी काय म्हणायचो माहीत आहे? म्हणायचो आईच्या हातात चढतंय.

दादाला सांग, तीन टक्के वाचवून छत्तीस टक्के सोनं घालवलंस. नको, सांगू नकोस. त्याला तसंही कळलंय. टोमणा मारायला मी तिथे असायला हवा, पत्रातून मारलेला टोमणा लांबून मारलेल्या दगडासारखा, लागला की नाही कळत नाही.

वहिनीला मात्र माझ्या नावाने सांग, माझं भांडण तिच्याशी नाही. तिने पहिल्यांदा बोंबील तळले तेव्हा नाकाला पदर लावला होता आणि तरी ताट माझ्यापुढे ठेवलं होतं. ते मी विसरलो नाही. पण तिचा मामा तिच्यासाठी उभा राहिला म्हणून माझ्या आईने हात घासत बसायचं, हा हिशेब मला पटत नाही.

बिल नाही तर नाही. बिल नाही म्हणून भरपाई अडेल, पण खोटा शिक्का तर पाटलीवर बसलेलाच आहे ना? तो काय पुसून जातोय? टंडेलला त्या दुकानातल्या बाईकडे पुन्हा पाठवलं, मला ती आता आत घेत नाही. ती म्हणाली, सरकारमान्य तपासणी केंद्रात दागिना नेला की फी घेऊन तपासतात आणि किती कॅरेट ते लिहून देतात. तो कागद हातात आला की तक्रारीला वजन येतं. जवळचं केंद्र कुठे ते त्याच ॲपवर दिसेल.

तोवर पाटल्या कोणाच्या हातात देऊ नकोस. पॉलिशला नाही, बघायला नाही, दादाला नाही. आईला सांग, हातातून काढायच्याच नाहीत. आणि तिला विचार, ती का गप्प आहे? माझ्यासाठी भांडते, बाबांसाठी भांडते, उधव्याच्या बाजारात सुकटीच्या वाट्यावरून अर्धा तास भांडते. आता का नाही?

मला सोडून येता येत नाही. बोटीच्या शेठची उचल अंगावर आहे, सीझन अर्ध्यात टाकला तर पुढच्या वर्षी बंदरावर कोणी उभं करणार नाही. तूच बघ सगळं. माझ्यावर लोभ ठेव, मी आहे तसाच आहे.

जतीन


धाकटी डहाणू
८ डिसेंबर २०२५

चि. जतीन यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. चहा पिऊन घे आधी.

रविवारी मामा घरी आले. पेढे घेऊन. मी तक्रारीला फोन केला हे दादाने वहिनीला सांगितलं असणार आणि वहिनीने तिकडे. मी कोणाला दोष देत नाही. मामा बाबांच्या पाया पडले, आईला वहिनी वहिनी म्हणत होते. म्हणाले की माल त्यांनी बाहेरच्या कारागिराकडून घेतला, फसवणूक त्यांचीच झाली. मी विचारलं की मग कारागिराविरुद्ध तक्रार करूया, तुम्हीही चला. तेव्हा त्यांनी पाणी मागितलं.

मग म्हणाले घरातलं घरात मिटवू. जुन्या पाटल्या परत द्यायच्या, ते नव्या देतील. तेवढ्याच वजनाच्या, खऱ्या बावीसच्या, खरा नंबर, पक्कं बिल, बँकेत नेऊन तपासून घ्या म्हणाले. आज भाव दुपटीवर गेलाय, तो फरकही मागणार नाहीत. फक्त बाजारात कुठे बोलायचं नाही आणि तक्रार नाही. जतीन, त्या पाटल्यांवर बँक कर्ज देईल. संक्रांतीच्या आत काळ्याच्या होडीत तुझा वाटा होईल. तू घरी येशील. मला खोटं लिहायचं नाही, हे ऐकून माझा जीव सुखावला. दादा रडला. वहिनीने बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि हात जोडले.

आई सगळं ऐकत बसली होती. मग पहिल्यांदा बोलली. मामांना म्हणाली की मला दीड वर्षापासून माहीत आहे.

मग तिनेच सगळं सांगितलं. उधव्याच्या बाजारात तिची एक गिऱ्हाईक आहे, पाड्यावरची गंगी नावाची म्हातारी, दर आठवड्याला बोंबील घेते. ती एकदा आईचा हात धरून म्हणाली की माझ्या नाकातली फुली लग्नापासून काढलेली नाही, चिखल झाला, धूर झाला, तुझे बोंबील झाले, ती नाही रुसली, तुझंच सोनं का रुसलं? आई तिथूनच तलासरीला गेली आणि एका सोनाराला पाटल्या दाखवल्या. त्याने कसोटीवर ओढून तिला सांगितलं.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली की तेव्हा हिना पोटुशी होती, तिला कुठे पाठवणार होतात? आणि जतीनला कळलं असतं तर उचल तोडून त्याच दिवशी निघाला असता, आणि हातात कोयता असता. आणि मग हळूच म्हणाली की बाजारात सगळ्या म्हणायच्या, देवकीच्या धाकट्याने आईच्या हातात सोनं घातलं. ते ऐकायला बरं वाटायचं. म्हणून घासायची आणि घालायची. बँकेत जायचं म्हटल्यावर तिचा पाय का दुखायचा ते आता तुला कळलं असेल.

मामा निघताना म्हणाले की महिनाअखेरपर्यंत थांबतो. आईने त्यांना सांगितलं की पैसे जतीनचे, तोच ठरवेल. तो हो म्हणाला तर मी काढून देते. मलाही तिने हेच लिहायला सांगितलंय, आणखी एक शब्द घालू नकोस म्हणाली.

तिने मना केलं तरी एक घालते. आज सकाळी संगितामावशी आली होती. तिची दक्षा जानेवारीत लग्न होऊन जाते, मावशीच्या पाटल्या तिला घालायच्यात. तुझ्या फोनमध्ये सोन्याचं कळतं म्हणे, असं म्हणाली. मी हो म्हटलं. तिने हात पुढे केला, आणि मग पदराखाली घेतला. म्हणाली, राहू दे गं, मासळीच्या हाताचं काळवंडतंच.

मी तुला काहीच सांगणार नाही. तू जे लिहिशील ते. माझे आशीर्वाद दोन्हीकडून तुझ्याच बाजूला आहेत.

रुपलताई


वेरावळ बंदर
१६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चहा प्यायलो. बसून वाचलं. दोन कप झाले.

तुला खरं सांगतो, पहिलं पत्र मी हो म्हणून लिहिलं होतं. एका ओळीचं. पाकीटही चिकटवलं. त्या दिवशी मी बोटीवर सगळ्यांना सांगितलं की मी चाललो, शेवटचा सीझन, आता आपली होडी, आपलं पाणी. टंडेलने विचारलं की नाव काय देणार. मी म्हटलं, देवकी. दुसरं काय देणार? लाल रंगाने मोठं लिहून घेणार, पुढे दोन्ही बाजूंनी. आणि तोंडातून नाव निघाल्यावर ते पाकीट फाडलं. होडीवर आईचं नाव, आणि होडी कशावर उभी? संगितामावशी तिच्या पोरीच्या हातात काय घालतेय ते मला माहीत असून न बोलण्यावर. दक्षाच्या सासरी दोन महिन्यांनी पाटल्या काळ्या पडतील. ते म्हणतील, मासेवालीची पोर. ती हात धुवेल.

मामाला हे पक्कं ठाऊक आहे. तो नवी पाटली आईला देत नाही, ताई. तो बाकीच्या सगळ्या बायकांच्या पाटल्यांची किंमत आपल्याला देतोय. दोन तोळ्यांत त्याला अख्खा मासळीबाजार गप्प करून मिळतो. स्वस्तच पडलं त्याला. दादा असता तर घेतलं असतं.

आईवर मी रागावलोय. तिला सांग. मी तिकडे असतो तर तिच्याशी चार दिवस बोललो नसतो आणि पाचव्या दिवशी तिच्याच हातचं जेवलो असतो. दीड वर्ष तिने खोटं अंगावर वागवलं, का तर लोक मला चांगलं म्हणतात म्हणून. मी इथे तिच्यासाठी राबायचं आणि तिने तिथे माझ्यासाठी हात घासायचे, आणि मधल्या मधे पोट भरलं कोणाचं? सांग तिला की आता घासू नकोस. काळ्या पडू दे. तशाच हाताने बाजारात बस, तशाच हाताने मासळी विक. कोणी विचारलं तर सांग की देवकीच्या धाकट्याने घातलेल्या आहेत आणि खोट्या आहेत, कुठून घेतल्या तेही सांग. मला नाव ठेवतील, ठेवू देत. मी लांब आहे, ऐकू येणार नाही.

काळ्याला सांग संक्रांतीला थांबू नकोस. दुसरा वाटेकरी बघ. तो शिव्या देईल, माझ्या वाटच्या ऐकून घे.

वहिनीकडे बघ. तक्रार झाली की तिचं माहेर उरलंसुरलं तेही जाईल, हे मला कळतं. तिला आपलं घर आहे, हे तिला कोणीतरी तोंडाने सांगायला हवं. दादा सांगणार नाही, तो कपाटाकडे बघत बसेल. तू सांग. बाळाला माझा पापा दे. ते चालायला लागलं असेल, मी कुठलं बघतोय आता.

येत्या आठवड्यात पाटल्या घेऊन आईसोबत तपासणी केंद्रात जा. महिनाअखेर व्हायच्या आत. आणि जायच्या आदल्या दिवशी संगितामावशीला विचार. जोर करू नकोस. फक्त विचार. दक्षाला आधी कळलेलं बरं की नंतर, एवढंच. ती पदराखाली हात घेईल. तरी विचार. आईला तिच्यासमोर बसव आणि स्वतःच्या पाटल्या काढून जमिनीवर ठेवायला सांग, म्हणजे मावशीला एकटं वाटणार नाही.

पुढचं पत्र उशिरा येईल, बोट लांब जाते आहे. तोवर भांडलात तरी एकत्र जेवा. बाबांना आणि आईला नमस्कार, आईला रागावलेला नमस्कार. या धाकट्याला मनातून काढू नका.

तुमचा
जतीन

ता. क. या महिन्याची मनिऑर्डर नाही. शेठने उचलीपोटी सगळे कापून घेतले. केंद्रात दोन नगांना जेवढी फी, तेवढीच चार नगांना, असं कळलं. संगितामावशी आली तर चारही पाटल्या एका पावतीत होतील. नाही आली तरी फी तीच. पाकिटात घडी करून ठेवले आहेत, दोनशे रुपये.